उतरणीचं गणित आधी, बटण नंतर

शिर्डीला उतरायचा निर्णय शिरपूरच्या आकाशात घ्यावा लागतो. दिल्लीहून येणारं जेट विमान पस्तीस हजार फुटांवर आहे असं धरा. शिर्डीचा विमानतळ काकडी गावात आहे आणि तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फुटांच्या थोडी वर. म्हणजे तेहतीस हजार फूट उंची उतरवायची. प्रवासी विमानाला सोसणारी उतरण साधारण तीन अंशांची असते आणि त्या उतरणीवर दर नॉटिकल मैलाला ३१८ फूट खाली येता येतं. भागाकार केला की १०४ मैल येतात, म्हणजे १९३ किलोमीटर. नकाशावर दिल्ली ते काकडी सरळ रेघ ओढा आणि काकडीपासून तेवढं मागे जा. बोट तापीपलीकडच्या शिरपूरजवळ टेकतं. वेग कमी करायला आणखी दहा मैल धरले तर सातपुड्याचा पायथाच आला. प्रत्यक्षात विमानं अशी सरळ रेघेत येत नाहीत. नियंत्रक वळणं देतात, पाठीमागून वारा असला तर आणखी लवकर खाली यायला लागावं लागतं. पण हिशोबाचा सांगाडा हाच.

मुंबईहून आलात तर चित्र वेगळं. मुंबई ते काकडी सरळ अंतर जेमतेम ९३ मैल. पस्तीस हजारांवर चढायचं म्हटलं तर उतरायला जागाच उरत नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुंबईच्या मार्गावर एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान होतं. ते कमी उंचीवरून येतं, त्याचा सगळा हिशोबच निराळा.

सातवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे. मी राहात्यात राहतो, तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, आणि रविवारी घरच्या संगणकावर मुलांना फ्लाइट सिम्युलेटर दाखवतो. कोपरगाव, श्रीरामपूर, अकोले अशी तिन्हीकडची मुलं येतात. बहुतेकांनी आधीच कुठेतरी संगणकावर विमान उडवलेलं असतं. टेकऑफ येतं, ऑटोपायलट लावता येतो, व्हीनॅव्हचं बटण कुठे आहे तेही ठाऊक असतं. शिरपूरचं गणित मात्र येत नाही. ते बटणाआधी आलं पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी ते शिकवलं पाहिजे, एवढं सांगण्यासाठी हा लेख आहे.

व्हीनॅव्ह म्हणजे विमानाच्या उभ्या मार्गाची आखणी. एलनॅव्ह डावं-उजवं बघतं, व्हीनॅव्ह वर-खाली. बोइंग ७३७ मध्ये फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर हे काम करतो, आणि करतो तो शेवटापासून सुरुवातीकडे. आधी धावपट्टीचं टोक धरायचं. तिथून मागे येत अमुक बिंदूवर आठ हजार फुटांच्या वर राहा, तमुक बिंदूवर वेग अडीचशे नॉटच्या आत ठेव, अशा सगळ्या अटी जोडायच्या. असं मागे मागे येत जिथे विमानाची आत्ताची उंची लागते, तिथे नकाशावर एक खूण उमटते. तिला टॉप ऑफ डिसेंट म्हणतात. तिथे पोहोचलं की इंजिनं जवळजवळ मोकळी सुटतात आणि विमान आखलेल्या रेषेवरून घसरत खाली येतं.

अटी हवेतून आलेल्या नसतात. मुंबईकडून येताना अकोले तालुक्यावरून यावं लागतं आणि तिथे १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई उभं आहे, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वायव्येला ओझर, जिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आणि धावपट्टी आहे. डोंगर टाळायचे, दुसऱ्याच्या हद्दीतून जायचं नाही, वर-खाली जाणाऱ्या दुसऱ्या विमानाशी अंतर राखायचं, यासाठी उंचीच्या अटी असतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरात जमिनीची चढउतार उपग्रहचित्रांसकट येते. कळसूबाई खिडकीतून बघितलं की अट कशासाठी ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता मेख. मार्ग आखणारा एक आणि विमान हलवणारा दुसरा. व्हीनॅव्ह फक्त सांगतो की या क्षणी तू रेषेच्या दोनशे फूट वर आहेस, मिनिटाला अठराशे फुटांनी खाली ये. नाक किती झुकवायचं ते ऑटोपायलट ठरवतो, इंजिनाचा जोर ऑटोथ्रॉटल. या तिघांचं जुळलं तरच विमान नीट उतरतं. आमच्या भागातल्या वाचकांना हे समजायला अडचण नको, कारण साखर कारखान्याच्या बॉयलरवर हेच चालतं. ड्रममधल्या पाण्याची पातळी बघणारा कंट्रोलर स्वतः व्हॉल्व्ह हलवत नाही; तो फीडवॉटरच्या कंट्रोलरला किती पाणी हवं ते सांगतो आणि व्हॉल्व्ह हा दुसरा हलवतो. दुसरा मॅन्युअलवर ठेवला तर पहिला कितीही बरोबर सांगत राहिला तरी पाणी हलत नाही. वर पहिल्याचा हिशोब फुगत जातो, आणि कुणी विचार न करता दुसऱ्याला ऑटोवर टाकलं की व्हॉल्व्ह एकदम धाडकन उघडतो. म्हणून कारखान्यातला जाणता ऑपरेटर ऑटोवर टाकण्याआधी दोन्ही आकडे जुळवून घेतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला त्याला सात दशकं उलटली. या सात दशकांत जिल्ह्यात असे ऑपरेटर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. विमानाच्या कॉकपिटमध्ये लागणारी समज तीच आहे, आणि ती आपल्याकडे आहे.

घरच्या सिम्युलेटरातली विमानं नेमकी या सांध्यावर कच्ची निघतात. बाहेरून रंग, पंखे, दिवे, बटणं हुबेहूब असतात. पण सिम्युलेटरचा मूळ ऑटोपायलट साधा असतो. त्याला उंची धर, वेग धर, अमुक दराने खाली ये एवढंच कळतं. विमान बनवणाऱ्यानं व्हीनॅव्हचा हिशोब स्वतंत्र लिहिला आणि तो या साध्या ऑटोपायलटला वरून चिकटवला, की सांधे दिसू लागतात. रेषा पकडताना नाक हिसका देतं. अटीच्या उंचीवर पोहोचण्याआधीच विमान सपाट होतं, किंवा अट ओलांडून खाली जातं. ऑटोथ्रॉटल जोर वाढवत असतो आणि त्याच वेळी नाक खाली झुकत असतं, दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. वेळ चौपट वेगानं पळवली तर हिशोबाच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि विमान वर-खाली डोलायला लागतं. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्या मुलाला इथे लगेच ओळखीचं काही दिसतं: सॅम्पलिंगचा वेळ वाढला की चांगला लूपही डोलतो. वर्गात हे मी समीकरणानं शिकवतो, मुलं उतरवून घेतात. पडद्यावर पाहिल्यावर ती स्वतः समीकरणाकडे परत जातात.

काही दोष बनवणाऱ्याचे नसतात, आपल्या टेबलावरचे असतात. जॉयस्टिकचा थ्रॉटल जुना झाला की स्थिर ठेवला तरी आकडे थरथरतात. सिम्युलेटरला वाटतं पायलटनं हात घातला, आणि ऑटोथ्रॉटल सुटतो. आवाज होतो, पण मुलांचं लक्ष खिडकीबाहेर असतं. दुसरा दोष दाबाचा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दाब प्रमाण मानलेल्या १,०१३ हेक्टोपास्कलपेक्षा दहानं कमी असू शकतो. उतरताना उंचीमापकावर स्थानिक दाब लावायचा राहिला तर तो जवळपास तीनशे फूट जास्त उंची दाखवतो. विमान खरं तेवढं खाली असतं. कॉकपिटमध्ये सगळं शांत, रेषेवर, हिरवं. आणि खाली जमीन अपेक्षेपेक्षा जवळ.

एका रविवारचं सांगतो. अकोले तालुक्यातली एक विद्यार्थिनी दिल्ली-शिर्डी उडवत होती, ७३७, पस्तीस हजार फूट. व्हीनॅव्ह लावलेला, मार्ग भरलेला, अटी घातलेल्या, सगळं नेटकं. उतरणीची खूण आली आणि गेली. विमान सपाटच. तिनं व्हीनॅव्ह बंद करून परत लावला. पुन्हा सपाट.

“सर, व्हीनॅव्ह चालू आहे, तरी उतरत नाहीये.”

“वरच्या खिडकीत उंची किती लावलीयेस?”

“पस्तीस हजार.”

“मग त्यानं उतरावं कसं?”

ऑटोपायलटच्या पट्टीवर उंचीची एक छोटी खिडकी असते. तिथे पायलटनं लावलेला आकडा म्हणजे नियंत्रकानं दिलेली परवानगी. संगणकाचा मार्ग काहीही म्हणो, त्या आकड्याच्या खाली विमान जाणार नाही. ७३७ मध्ये त्याबद्दलचा संदेशही पडद्यावर येतो, आणि तिच्या पडद्यावर तो केव्हाचा आलेला होता. ती बटण बघत होती, संदेश नाही.

खिडकीत आठ हजार लावायला ती हात पुढे करणार तेवढ्यात मी थांबवलं आणि वही पुढे सरकवली. काकडी किती लांब? साठ मैल, मालेगाव समोर दिसायला लागलं होतं. उतरवायचे तेहतीस हजार. तिनं भागाकार केला, मैलाला साडेपाचशे फूट. तीन अंशांची उतरण तीनशे अठरा मागते, ही पाच अंशांच्या वर जाते. वेग न वाढता एवढ्या उतारावरून घसरणं जेटला जमत नाही. तिला तीन वाटा दिसल्या. पंखांवरचे स्पीडब्रेक उघडून जेवढं जमेल तेवढं उतरायचं. आत्ताच चक्कर मागून उंची सोडायची. किंवा तसंच जाऊन धावपट्टीशी बघू म्हणायचं. तिनं चक्कर निवडली. मालेगावच्या पुढे एक पूर्ण फेरी घेऊन, उंची सोडून, शांतपणे पश्चिमेकडे वळून पूर्वेला तोंड करून उतरली. मी तिला त्या दिवशी कारण विचारलं. म्हणाली, “सर, गणित तिसऱ्या वाटेत बसतच नव्हतं.”

ही तिसरी वाट किती महाग पडते ते आपल्या देशानं पाहिलं आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७ विमान त्या दिवशी तिथलं रडार बंद असल्यानं बराच वेळ उंचच ठेवलं गेलं. शेवटच्या टप्प्यात ते असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. सहवैमानिकानं पुन्हा वर जाऊ असं सुचवलं होतं. विमान धावपट्टीची निम्म्याहून जास्त लांबी मागे टाकून टेकलं, टोकावरून दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. त्या धावपट्टीची लांबी २,४५० मीटर. शिर्डीची धावपट्टी सुरू झाली तेव्हा २,५०० मीटर होती. हे आकडे मी मुलांसमोर शेजारी शेजारी लिहितो. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेलं एक ७३७ शिर्डीच्या धावपट्टीच्या टोकाबाहेर गेलं. कुणाला इजा झाली नाही, पण विमान हलवेपर्यंत विमानतळ ठप्प झाला. त्या घटनेच्या कारणांबद्दल मी इथे काही म्हणत नाही. धावपट्टीवर उरलेले मीटर आणि हवेत न सोडलेले फूट यांचा संबंध थेट असतो, एवढं कुठल्याही प्रवाशाला कळायला हवं.

ऑटोपायलटशी जुळवून घेताना काय बिघडू शकतं याचं सगळ्यांत बोलकं उदाहरणही आपलंच आहे, आणि ते विमान मुंबईहून निघालेलं होतं. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं उड्डाण, मुंबई ते बंगळूरु. ए३२० हे विमान तेव्हा अगदी नवं होतं. शेवटच्या टप्प्यात इंजिनं मोकळ्या जोरावर होती आणि उतरण्याची जी पद्धत लागलेली होती ती धावपट्टीजवळ लागायला नको होती. तिच्यात वेग राखण्याची जबाबदारी इंजिनांकडे उरतच नाही. नाक वर धरून उंची सावरायचा प्रयत्न झाला की वेग कमी होत जातो, आणि तो झाला. विमान धावपट्टीआधीच्या गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ जण दगावले. चौकशीत एक शक्यता पुढे आली: उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट लावायचा होता, पण दराच्या नॉबऐवजी बहुधा शेजारचा उंचीचा नॉब फिरवला गेला. बंगळूरुचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून २,९०० फुटांच्या आसपास आहे. सातशे फूट म्हणजे जमिनीच्या पोटात.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ आणखी एक ए३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. तिथे तपासकांना सगळ्यांत संभाव्य वाटलेलं कारण असं: ३.३ अंशांची उतरण मागायची होती, पण पद्धत बदलायची राहिली आणि तोच ३३ चा आकडा मिनिटाला ३,३०० फूट म्हणून वाचला गेला. एकच खिडकी, एकच आकडा, अर्थ दोन. नंतर एअरबसनं त्या खिडकीतला आकडा चार अंकी केला.

म्हणून सिम्युलेटरातलं विमान हुबेहूब असावं असं म्हणताना मी रंगाबद्दल बोलत नाही. आकडा कुठल्या पद्धतीत लागला आहे ते पडद्याच्या वरच्या पट्टीत खऱ्या विमानासारखंच दिसलं पाहिजे. इंजिनं काय करताहेत, नाक कशाच्या मागे आहे, दिशा कशाच्या मागे आहे, हे तीन शब्द तिथे लिहिलेले असतात. मुलांना माझी सक्ती आहे: कुठलंही बटण दाबलं की हात मागे घ्यायचा, वरची पट्टी मोठ्यानं वाचायची, मग पुढचं. खऱ्या वैमानिकांनाही हेच शिकवतात. जे सिम्युलेटर विमान ती पट्टी चुकीची दाखवतं, ते विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यात व्हीनॅव्ह अर्धवट आहे त्याच्या वेष्टनावर तसं ठळक लिहावं. मुळीच ऑटोपायलट नसलेल्या विमानावर मूल हातानं उडवायला शिकतं; गुपचूप चुकणाऱ्या ऑटोपायलटवर ते चुकीवर विश्वास ठेवायला शिकतं, आणि ते मोडायला नंतर फार वेळ लागतो.

चांगलं काम करणारेही आहेत, हे सांगायलाच हवं. फ्लायबायवायर या गटानं २०२० पासून एअरबस ए३२० ची फुकट आवृत्ती तयार केली. विमान आधी उडायला लागलं आणि त्याचा उभा मार्ग आखणारा भाग बऱ्याच काळानं आला, कारण तो खरंच अवघड आहे. उतरणीचा वेग, वारा, वजन, अटी हे सगळं एकत्र धरून मागे मागे जाणारा हिशोब लिहावा लागतो. त्यांनी घाई केली नाही याचा मला आदर आहे. आणि त्यांचा सगळा कोड खुला आहे. राहात्यातल्या, नेवाशातल्या, पारनेरमधल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तो उघडून वाचता येतो. टॉप ऑफ डिसेंट काढणारं फंक्शन कसं लिहिलंय ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही, फी लागत नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणाऱ्या मुलांनी एवढा एक कोड वाचून त्यात वाऱ्याचा भाग तपासला तरी ते बाजारातून आणलेल्या तयार मॉडेलपेक्षा शंभरपट मोलाचं.

हे शेवटी खेळच ना, असं मला पालकही विचारतात, सहकारीही. ब्रूस आर्टविकनं १९८० च्या आसपास पहिलं घरगुती फ्लाइट सिम्युलेटर काढलं आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते आयबीएमच्या संगणकांवर आणलं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. घरच्या सिम्युलेटरावरचे तास वैमानिकाच्या परवान्यात धरले जात नाहीत. ते मान्यताप्राप्त यंत्रावरच करावे लागतात, आणि तसंच असायला हवं. जी जाहिरात मुलांना सांगते की घरी बसून पायलट व्हा, तिच्यापासून पालकांनी दूर राहावं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पायलट होणार नाहीत. ती कारखान्यात, औषध कंपनीत, वीजकेंद्रात, सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत यंत्रांसमोर बसतील. तिथे प्रत्येकाच्या समोर एक ऑटो-मॅन्युअलची कळ असेल आणि प्रत्येकाला एक प्रश्न पडला पाहिजे: या क्षणी यंत्र कशाच्या मागे धावतंय? हा प्रश्न विचारायची सवय लावायला व्हीनॅव्हसारखा दुसरा धडा मला माहीत नाही. तीन यंत्रं एकमेकांवर अवलंबून, चूक लगेच दिसते, आणि कुणाला इजा होत नाही.

विमानतळाशीही याचा संबंध आहे. काकडीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा रात्री उतरायची सोय नव्हती, आणि दृश्यमानता कमी झाली की उड्डाणं रद्द होत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर कित्येक दिवस सेवा बंद राहिली. दर्शनाला आलेली माणसं रस्त्यानं परतली, टॅक्सीवाले-हॉटेलवाले बसून राहिले. रात्रीचं पहिलं विमान उतरायला एप्रिल २०२३ उजाडला. धुक्यात उतरायला खाली येण्याची नेमकी रेषा लागते. मोठ्या विमानतळांवर ती जमिनीवरच्या अँटेना देतात. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली गगन ही यंत्रणा तीच रेषा उपग्रहांच्या मदतीनं देते, धावपट्टीशेजारी महागडी उपकरणं न उभारता. तिला उभ्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली, आणि २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधारे उतरलं. देशातल्या शिर्डीसारख्या विमानतळांचं भलं या वाटेत आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि लोकप्रतिनिधींनी धावपट्टीच्या लांबीइतकाच आग्रह याचाही धरावा. उद्या ही यंत्रणा सांभाळायला, तिचे आकडे वाचायला माणसं लागतील. ती नागपूर-पुण्याहूनच का यावीत?

सिम्युलेटरचा दिशादर्शक डेटा दर अठ्ठावीस दिवसांनी नवा निघतो, खऱ्या विमानांचाही तसाच. जुन्या डेटावर शिकलेला मार्ग आजच्या काकडीवर लागू असेलच असं नाही. शिकवणाऱ्यानं एवढी काळजी घ्यावी. बाकी लागतं ते फार नाही. प्रयोगशाळेत आधीच असलेल्या संगणकांपैकी एक बरा संगणक, एक साधी जॉयस्टिक, फुकट मिळणारं विमान. आणि एक वही.

शिकवण्याचा क्रम मात्र सोडू नये. पहिले काही आठवडे व्हीनॅव्हला हात लावू द्यायचा नाही. उंची भागिले तीनशे, म्हणजे किती मैलांवर उतरायला लागायचं. जमिनीवरचा वेग गुणिले पाच, म्हणजे मिनिटाला किती फूट. एकशे चाळीस नॉटला सातशे. दर दहा मैलांनी वहीत लिहायचं, असायला हवं किती, आहे किती. एवढं हातानं जमलं की मग व्हीनॅव्ह लावायचा आणि त्याचा आकडा आपल्या आकड्याशी ताडायचा. दोन आकड्यांत फरक पडला की बटणापासून हात मागे, आणि कारण शोधायचं. वारा? राहिलेली अट? दाब? खिडकीतली उंची?

संगमनेर, लोणी, कोपरगाव, अहिल्यानगर इथल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. कंट्रोल सिस्टिमच्या प्रयोगवहीत टाकीतल्या पाण्याची पातळी आणि मोटरचा वेग हे प्रयोग वर्षानुवर्षं आहेत, ते राहू द्यात. येत्या सत्रात त्यांच्याखाली एक प्रयोग वाढवा: पस्तीस हजार फुटांवरून काकडीच्या धावपट्टीवर उतरण, आधी हातानं, मग व्हीनॅव्हनं, दोन्हींचे आलेख एकाच कागदावर. मांडणी, वही आणि पहिले काही तास शिकवायला मी येईन, मानधन नको.